फोटो काढायला मनाई

नोव्हेंबरात ब्लोअरवाल्यानं, म्हणजे द्राक्षबागा फवारायची ट्रॅक्टरची यंत्रं बनवणाऱ्यानं, निफाड तालुका सोडायचा नसतो. ऑक्टोबर छाटणी झालेली असते, बागा पोंग्यातून फुलोऱ्याकडे निघालेल्या असतात, आणि आभाळ जरा भरून आलं की डाउनी या बुरशीरोगाच्या धास्तीनं एकाच सकाळी सगळ्या शिवारातले ट्रॅक्टर बाहेर पडतात. त्या सकाळी ज्याचा पंप प्रेशर धरत नाही तो आमच्या वर्कशॉपच्या दारात उभा असतो. चहासुद्धा घेत नाही. आणि शेतीयंत्रांचं युरोपातलं एक मोठं प्रदर्शन, एइमा, नेमकं याच महिन्यात भरतं. वर्षाआड, इटलीतल्या बोलोन्या शहरात. 2024 साली ते 6 ते 10 नोव्हेंबर होतं. धाकट्या भावावर वर्कशॉप टाकून मी गेलो. भाऊ काय म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बोलोन्याच का, याचं उत्तर आमच्या ब्लोअरच्या पोटात आहे. टाकी आमची, चासी आमची, वेल्डिंग आमचं, पण यंत्राचा जीव औषध दाबानं ढकलणाऱ्या, रबरी चकतीच्या डायफ्राम पंपात असतो आणि तो बहुतेकदा इटलीचा असतो. त्यातला बराच माल मोदेना आणि रेज्जो एमिलियाच्या पट्ट्यात बनतो. बोलोन्याहून ही गावं रेल्वेनं तासाभराच्या आत. आमच्या बागायतदाराला या गावांची नावं ठाऊक नसतात, पण पंप कुठला हे तो नुसत्या आवाजावरून सांगतो. मीही वीस-पंचवीस वर्षं हे पंप खोलतो, जोडतो. ते कुठून येतात ते एकदा बघावं, एवढंच डोक्यात होतं. शहर बघायचं म्हणून कुणी जात नाही प्रदर्शनाला.

प्रदर्शनाबद्दल फार लिहीत नाही. दालनामागून दालन, पाय दुखेपर्यंत. दोन मजली घराएवढे ट्रॅक्टर बघून झाले, फोटो भावाला पाठवून झाले, मग मी माझ्या कामाच्या दालनात शिरलो: पंप, नोझल, व्हॉल्व्ह. तिथल्या एका स्टॉलवर पाटी होती, कॅमेऱ्याच्या चित्रावर आडवी लाल रेघ. माझ्या गळ्यातल्या पासावर देशाचं नाव होतं. स्टॉलवरच्या पोरानं ते वाचलं, हसून नमस्कार केला आणि बोलता बोलता माझ्या आणि नव्या मॉडेलच्या मधे येऊन उभा राहिला. अगदी सौजन्यानं.

त्याचा राग आला असं म्हणणार नाही. आमच्याकडे नवा माल आला की पहिल्याच आठवड्यात तो कुठल्यातरी शेडमध्ये खोललेला असतो, व्हर्नियर लावून मोजलेला असतो, आणि पुढच्या हंगामापर्यंत फाउंड्रीतून त्याचा जुळा भाऊ बाहेर पडतो. त्या पोराला हे कुणीतरी सांगितलेलं असणार, आणि खरंच सांगितलेलं असणार. गंमत म्हणजे त्याच स्टॉलच्या मधोमध एक पंप कापून ठेवला होता. उभा छेद, पॉलिश केलेला, आतला दांडा, पिस्टन, डायफ्रामची चकती, सगळं उघडं. त्याचा फोटो काढायला हरकत नव्हती. मी थोडा वेळ त्याच्यासमोर उभा राहिलो. कापून दाखवलेल्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं. आमच्याकडचे जुळे भाऊ अंगानं मिलीमीटरला मिलीमीटर जुळतात आणि हंगामाच्या मध्यावर त्यांचा डायफ्राम फाटतो. मोरचूद, चुना, गंधक रोज प्यायल्यावर रबर टिकायचं कसं, ते व्हर्नियरनं मोजता येत नाही.

हे डोक्यात घेऊनच मी त्या संध्याकाळी शहरात शिरलो.

प्रदर्शनाच्या दिवसांत बोलोन्यातली हॉटेलं परवडत नाहीत, म्हणून खोली कासालेक्किओ या उपनगरात घेतली होती. त्याचा एक फायदा झाला. तिथं रेनो नदीवर एक बंधारा आहे, मध्ययुगापासूनचा, आजही पाणी वळवणारा. सकाळी साडेपाचला भावाचा फोन यायचा (तिकडे दहा वाजलेले असायचे आणि तोवर त्याचं डोकं तापलेलं असायचं), मग झोप लागायची नाही, म्हणून मी बंधाऱ्यापर्यंत चालत जायचो. उतरत्या तिरक्या भिंतीवरून पाणी घसरत जातं आणि बाजूनं एक कालवा शांतपणे शहराकडे निघतो. शहराकडे एवढं पाणी कशाला नेलं असेल? प्यायला म्हणावं तर कालवा फार मोठा. नकाशावर मी त्या निळ्या रेघेच्या मागे गेलो, तर ती शहरात शिरल्यावर बऱ्याच ठिकाणी नाहीशीच झाली होती.

ती रेघ रस्त्यांखाली गेली होती. बोलोन्यातले बरेचसे कालवे गेल्या शतकात, मुख्यतः 1950च्या दशकात, झाकून टाकले. वर गाड्यांसाठी रस्ते केले. विया पिएल्ला नावाच्या गल्लीत भिंतीला एक लहानशी खिडकी आहे. ती उघडली की मागे घरांच्या मधून वाहणारा कालवा दिसतो. तिथं फोटोसाठी रांग असते. व्हेनिससारखं दिसतं म्हणून लोक येतात. मी रांगेत उभा राहिलो, पण माझं लक्ष पाण्याच्या उतारावर होतं. एवढ्या उताराला चाक फिरतं.

आणि चाकंच फिरत होती. ते कळलं औद्योगिक वारशाच्या संग्रहालयात. एका दुपारी प्रदर्शनाला दांडी मारून गेलो. शहराच्या उत्तरेला नाविले कालव्याच्या काठावर एकोणिसाव्या शतकातली विटांची भट्टी आहे, त्या भट्टीतच हे संग्रहालय आहे. माणसं कमी. आत रेशमाला पीळ देणाऱ्या गिरणीची निम्म्या मापाची, चालू स्थितीतली प्रतिकृती आहे. येवला आमच्या शेजारचा तालुका, त्यामुळे पीळ नसलेलं रेशीम ताण्याला चालत नाही एवढं ऐकून माहीत होतं. पण येवल्यात मी हातानं चालणारं बघितलेलं. इथं मजल्यावर मजले चढवलेला गोल लाकडी सांगाडा आहे, त्याच्या परिघावर चात्यांच्या ओळी, आणि मधला उभा आस फिरला की सगळ्या चात्या एकदम फिरतात. धागा खालून वर जाताना पीळ घेत घेत गुंडाळला जातो. हा सगळा डोलारा फिरवायला एकच पाणचाक, तेही तळघरात. कासालेक्किओच्या बंधाऱ्याचं पाणी कालव्यानं शहरात यायचं, तिथून भूमिगत नळांच्या जाळ्यानं घराघरांच्या तळघरांत जायचं. वरून बघणाऱ्याला साधं घर दिसायचं. आत गिरणी घरघरत असायची. सतराव्या शतकात शहरात अशा शंभराहून अधिक गिरण्या होत्या. त्यांचा धागा आणि रेशमाची तलम वस्त्रं नाविले कालव्यातून नावेनं फेराराकडे, तिथून व्हेनिसला जायची.

या यंत्राचं गुपित शहराबाहेर नेणाऱ्याला देहदंड होता. कारागीर पळून गेला तर त्याच्या गैरहजेरीत शिक्षा सुनावली जायची. स्टॉलवरच्या पोराची लाल रेघ आठवून मला हसू आलं. त्याच्या मानानं ती फार सौम्य.

आता यातली गंमत. 1607 साली पादुआत व्हित्तोरियो झोन्का याचं यंत्रांच्या चित्रांचं पुस्तक छापून आलं आणि त्यात रेशीम पिळणाऱ्या यंत्राचं चित्र होतं. म्हणजे बघायचं ठरवलं तर कुणालाही बघता येत होतं. तरीही शंभरेक वर्षांनी जॉन लोंब नावाच्या इंग्रजाला इटलीत यावं लागलं. तो बोलोन्यात नाही, वायव्य इटलीतल्या पिएमोंतेत गेला, तिथल्या गिरणीत कामाला लागला, आणि मापं घेऊन परतला असं सांगतात. त्याच्या भावानं 1718 मध्ये इंग्लंडात त्यावर पेटंट घेतलं आणि 1721 पर्यंत डर्बीला नदीकाठी गिरणी उभी राहिली. इंग्लंडातल्या अगदी पहिल्या कारखान्यांत तिची गणती होते. जॉन लोंब पुढच्याच वर्षी मेला, ऐन तरुणपणी. इटलीवाल्यांनी विष घातलं अशी वदंता उठली, पुरावा कुणीच दिला नाही. मला त्या वदंतेपेक्षा आधीची शंभर वर्षं महत्त्वाची वाटतात. चित्र हातात असून यंत्र उभं राहिलं नाही. चाती किती ताणावी, लाकूड कोणतं, दात झिजला की काय करायचं, आवाज बदलला तर कुठं हात लावायचा, हे गिरणीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या मिस्त्रीला हे सांगितलं तर तो म्हणेल, मग मी काय वेगळं म्हणतोय.

देहदंडानं गुपित काही शतकं सांभाळलं असेल, धंदा मात्र सांभाळला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीला रेशमाचा व्यवसाय कोसळला, आणि ज्या शहरानं सगळी हुशारी तळघरात कोंडली होती त्याच्यापाशी चाकं उरली, काम उरलं नाही. पुढं काय झालं तेही त्याच संग्रहालयात आहे, वरच्या मजल्यांवर. आल्दिनी आणि वालेरियानी या दोन विद्वानांनी आपली संपत्ती शहराला दिली, कारागिरांच्या मुलांना यंत्रविद्या शिकवायला. त्यातून एकोणिसाव्या शतकात तांत्रिक शाळा उभी राहिली. ती दोघांच्या नावानं आजही चालू आहे. त्या शाळेतून फिटर, टर्नर, डिझायनर बाहेर पडले. 1924 मध्ये आक्मा नावाची कंपनी निघाली, पाकिटात पावडर भरणारी यंत्रं बनवू लागली. तिथं तयार झालेल्या माणसांनी बाहेर पडून आपापल्या शेड टाकल्या, त्या शेडमधल्या माणसांनी आणखी. आज चहाच्या पिशवीपासून औषधाच्या गोळीपर्यंत काहीही पाकिटात भरायचं यंत्र हवं असेल तर माणूस बोलोन्याकडे बघतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही गल्लीत फोरमननं मालकाला सोडून टाकलेली शेड दाखवता येईल, आणि मालकाचं त्याच्याबद्दलचं मतही ऐकवता येईल. इथं मालक काय म्हणाले असतील ते संग्रहालयात लिहिलेलं नव्हतं. पण देहदंड कुणाला झाला नाही आणि धंदा वाढला, एवढं दिसतंय.

संग्रहालयातल्या बाईंना मी खुणेनंच विचारलं, फोटो? त्यांनी दोन्ही हात पसरले. हवे तितके काढा.

बाकीचं शहर मी संध्याकाळी पायी पाहिलं, आणि छत्री न घेता. बोलोन्यात रस्त्याच्या कडेला कमानींच्या सावलीतून चालायचं असतं. या कमानदार ओसऱ्यांची, म्हणजे पोर्तिकोंची, एकूण लांबी 62 किलोमीटर धरतात. 2021 मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हणून नोंदलं. सुरुवात मात्र अतिक्रमणापासून झाली. विद्यापीठाला फार जुनी परंपरा, 1088 हे त्याचं साल सांगतात; विद्यार्थी आले, खोल्या कमी पडल्या, म्हणून लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढं काढले आणि खाली खांबांचे टेकू दिले. पाडापाडी करायच्या ऐवजी शहरानं 1288 मध्ये उलटाच नियम केला: नव्या घराला पोर्तिको हवाच, जुन्यानं तो नीट राखायचा, आणि उंची किमान सात बोलोन्यी फूट हवी, म्हणजे सुमारे 2.66 मीटर. घोड्यावरचा माणूस डोकं न आपटता गेला पाहिजे. जागा मालकाची, डागडुजी मालकाची, चालण्याचा हक्क मात्र सगळ्यांचा. पिंपळगावच्या बाजारपेठेत हा नियम सुचवून बघावा. पहिली दोन वाक्यं लगेच मंजूर होतील.

हा नियम पायाखाली दिसतो. एका दारापुढं संगमरवर, पुढच्या दारापुढं गुळगुळीत घोटलेली चिप्सची फरशी, त्यापुढं उखडलेल्या विटा. ज्याची जशी ऐपत तशी फरशी, पण वाट एकच, कुणाच्याही दाराशी अडत नाही. मी खाली बघत चालत होतो, त्यामुळे वरची चित्रं आणि नक्षी बरीचशी हुकली असणार. स्त्रादा माज्जोरेवर एका घराचे लाकडी खांब तेवढे मान वर करून पाहिले. तेराव्या शतकातले, ओकचे, नऊ मीटर उंच. 1568 नंतर लाकडाच्या जागी विटा-दगड वापरायचा हुकूम निघाला, त्यातून हे थोडे वाचले.

मुख्य चौकात, प्यात्सा माज्जोरेत, लोक नेपच्यूनचा पुतळा आणि सान पेत्रोनियो चर्चचं अर्धवट राहिलेलं दर्शनी संगमरवर बघतात. मी नगरपालिकेच्या जुन्या वाड्याच्या भिंतीशी थांबलो. तिथं दगडात मापं कोरलेली आहेत. फूट, हात, काठी, वीट, कौल. बाजारात घेतलेलं कापड किंवा वीट कमी भरली असा संशय आला की माणसानं ती इथं आणून लावून बघायची. व्यापाऱ्यानंही, गिऱ्हाइकानंही. ज्या शहरानं तळघरातली गिरणी जिवाची भीती घालून झाकली, त्यानंच माप मात्र भर चौकात, ऊन-पावसात ठेवलं. मी खिशातला टेप काढून फूट मोजला. अडतीस सेंटीमीटर. शेजारी उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांनी मला बघितलं, त्यातल्या एकानं टेपचं दुसरं टोक धरलं.

दोन मनोऱ्यांशी फार वेळ गेला नाही. झुकलेली गारिझेंदा 2023च्या ऑक्टोबरपासून धोक्याची म्हणून वेढून ठेवलीय, शेजारचा 97 मीटरचा आझिनेल्लीही चढायला बंद होता. स्टेशनवरचं एक घड्याळ 10 वाजून 25 मिनिटांवर थांबवलेलं आहे. 2 ऑगस्ट 1980 ला तिथं बॉम्ब फुटला, 85 माणसं गेली. रोज त्याच्याखालून लोकलला पळायचो, आणि रोज सवयीनं मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघायचो. जेवणाचं म्हणाल तर मी शाकाहारी, तोर्तेल्लिनीच्या पोटात मांस. भोपळा भरलेला पास्ता, भाजलेल्या गोल पोळ्या आणि चीज यावर भागलं. रात्री बांगलादेशी दुकानात केळी घ्यायचो. दुकानदार हिंदी बोलायचा आणि कांद्याचा भाव विचारायचा. लासलगाव त्याला माहीत होतं. भारतानं निर्यात थांबवली की इथं बसून त्यालाही कळतं म्हणाला.

शनिवारी प्रदर्शनात इटालियन शेतकरी कुटुंबकबिला घेऊन येतात, गर्दी अंगावर येते. मी सकाळीच सान लुकाच्या टेकडीकडे निघालो. शहराच्या वेशीपासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत सलग पोर्तिको आहे, जवळजवळ चार किलोमीटर, 666 कमानी. 1674 मध्ये काम सुरू झालं. शहरातल्या घराण्यांनी, धंदेवाल्यांच्या संघांनी, साध्या माणसांनीही कमानी वाटून घेतल्या. नावांच्या पाट्या जागोजागी आहेत. कारण पावसाचं आहे. 1433 मध्ये पाऊस थांबेना, पिकं बुडायला लागली, तेव्हा टेकडीवरची मरियमची तसबीर वाजत गाजत शहरात आणली आणि पाऊस उघडला. तेव्हापासून ती दरवर्षी खाली येते. पाऊस थांबवणाऱ्या देवीला पावसात भिजत आणायचं बरं दिसत नाही, म्हणून शहरानं तिच्या वाटेवर चार किलोमीटरचं छप्पर घातलं.

मी द्राक्षवाल्यांचा माणूस. अवकाळीनं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. त्या वर्षीही परतीच्या पावसानं आमच्या छाटण्या मागंपुढं केल्या होत्या. खुद्द बोलोन्यात तीनेक आठवड्यांपूर्वी, ऑक्टोबरच्या 19 तारखेच्या रात्री, राव्होने नावाचा ओढा रस्ते फोडून वर आला होता. त्यालाही शहराखाली झाकून टाकलेलं. गाड्या वाहून गेल्या. खालच्या कमानींतून चालताना या गोष्टी आठवत होत्या, पण चारशेव्या कमानीनंतर दम एवढा लागला की काहीच आठवेना. वर पोचल्यावर एका पोरीनं मला पाणी दिलं आणि मी किती वर्षांचा आहे ते विचारलं.

रविवारी दुपारी स्टॉल उतरवायला लागले, तेव्हा मी एका बारक्या स्टॉलवर गेलो. नुसते स्पेअर: डायफ्राम, व्हॉल्व्ह, ओ-रिंग. साठीच्या पुढचा एकच माणूस बसलेला. माझ्या पिशवीत घरून आणलेला एक फाटका डायफ्राम होता, तो त्याच्यापुढं ठेवला. मोबाइलच्या भाषांतरावर बोलणं सुरू झालं, पण दोन मिनिटांनी मोबाइल बाजूला राहिला. त्यानं रबर वाकवलं, नाकाशी धरलं, उजेडात फिरवलं. बोट फाटलेल्या कडेवर ठेवून तोंडानं हवा आत ओढल्याचा आवाज काढला, आणि स्टॉलवरचा सक्शन फिल्टर उचलून मूठ आवळून दाखवली. फिल्टर चोंदतो, पंप उपाशी ओढतो, कड फाटते. दुसरा डाग दाखवून त्यानं रबर फुगल्याची खूण केली, म्हणजे औषध. मग मोबाइल पुन्हा घेतला आणि विचारलं: फवारणी झाल्यावर साधं पाणी फिरवता का?

आमच्याकडे कोण फिरवतंय. पुढची टाकी कालवून तयार असते, ढग वर आलेला असतो, मजूर थांबलेला असतो. मी मान हलवली. त्यानंही तशीच हलवली. त्याची गिऱ्हाइकंही बहुतेक फिरवत नसावीत.

रबर कशाचं बनवता, हे मी विचारायचं सोडलं नाही. तो मनापासून हसला आणि दरपत्रक माझ्याकडे सरकवलं. आम्ही अर्धा तास घासाघीस केली. रविवार आहे, घरी जेवायला वाट बघतायत, असं तो तीनदा म्हणाला आणि तिन्ही वेळा परत खाली बसला. शेवटी भाव जुळला, एका हंगामाची ऑर्डर दिली.

त्या हिवाळ्यापासून आमच्या प्रत्येक ब्लोअरच्या टाकीवर पिवळं स्टिकर असतं: फवारणीनंतर पाच मिनिटं साधं पाणी फिरवा, फिल्टर धुवा. भाऊ म्हणतो, स्टिकरचे पैसे वाया. बहुतेकांच्या टाकीवर ते पहिल्याच महिन्यात औषधाच्या थराखाली दिसेनासं होतं, हे खरं आहे. ज्यांच्या टाकीवर ते अजून वाचता येतं, ते हंगामाच्या मध्यावर फारसे दारात येत नाहीत.